कासवाची फेरी

"वहिनी, राग मानू नका, पण कासवाचा आयडी तुम्ही कुणाला विकला तर नाही ना?"

शिवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. एकात ठिणगी, म्हणजे ती स्वतः. दुसऱ्यात कासव, म्हणजे तिचा नवरा. निदान ऑनलाइन खेळातल्या त्यांच्या टोळीत सगळ्यांना तसं वाटत होतं. तिनं गळ्यातली टेप काढून बाजूला ठेवली आणि हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढला.

"काहीतरीच काय, सरदार!"

सरदार हा बेकरीवाला. त्याच्या आवाजामागं पत्र्याचे ट्रे आदळत होते. टोळीचा बेत पुन्हा शत्रूला कळला होता, नेमक्या लपायच्या जागीच छापा पडला होता, आणि आता खेळातल्या बुरुजाखाली सगळे गोळा होऊन फितूर शोधत होते.

"ज्या आयडीमागं माणूस नाही, तिथंच फितूर येऊन बसतो," सरदार म्हणाला. "दादांचा आवाज ऐकून युगं लोटली. बोलवा त्यांना."

"त्यांचा माइक बिघडलाय."

"अजून?" शिट्टी कुजबुजली. ती दाताच्या दवाखान्यात कामाला. खुर्चीत पेशंट असला की कुजबुजायची. "वहिनी, माइक आहे का जुनं दुखणं?"

कुणीतरी हसलं. सरदार हसला नाही.

"मग चालून दाखवू द्या. ठिणगीनं बुरुजाला उजवीकडून फेरी मारायची, कासवानं डावीकडून. एकदम. थांबायचं नाही. दोघं पलीकडं भेटली, तर मी कान धरून माफी मागतो. नाही जमलं, तर दोन्ही आयडी बाहेर. नाइलाज आहे, वहिनी."

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत तो, भिंतीकडं तोंड करून. कारखान्यातल्या प्रेसनं उजव्या हाताची दोन बोटं घेतली, तेव्हापासून त्यानं लॅपटॉपला हात लावला नव्हता. 'माझी जागा केव्हाच भरली असेल टोळीत,' एवढंच एकदा म्हणाला होता.

भरली नव्हती. ती भरू नये म्हणून ही रोज काजं-बटणं बाजूला सारून कासवाला हिंडवून आणायची, बाळाला ऊन दाखवावं तसं. उद्या तो उठलाच, तर उठून जायला एक तरी जागा हवी.

"तयार? एक, दोन—"

उजवा हात: ठिणगी निघाली.

डावा हात: कासव निघालं.

उजवा हात: ठिणगी वळली.

डावा हात: कासवही वळलं. ठिणगीच्याच बाजूला.

उजवा हात: थांबायचं नाही, थांबायचं नाही.

डावा हात: भिंत.

डावा हात: भिंत.

उजवा हात: खंदक!

दोन्ही बाह्या एका वेळी कापणारे तिचे हात आता एकमेकांची नक्कल करत होते.

"कासव भिंतीला डोकं आपटतंय," शिट्टी म्हणाली. कुजबुजायचं विसरून.

"बास, वहिनी," सरदार म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "कळलं आम्हाला."

"अगं, काय चाललंय हे!"

हे हेडफोनमधून आलं नव्हतं. तो मागं उभा होता, हातात पाण्याची रिकामी बाटली.

"भिंतीत का घालतेस त्याला? आणि हा जांभळा अंगरखा कुणी चढवला? कासव आहे का वांगं?"

माइक चालू होता.

"सरक."

ती सरकली. घाईत हेडफोनची वायर निसटली आणि लॅपटॉपचा स्पीकर चालू झाला. त्यानं खुर्ची ओढली, कीबोर्ड तिरका करून डावा हात त्यावर ठेवला. उजवा मांडीवरच होता. मग तोही वर आला, जरा थांबला, आणि उरलेली बोटं माउसवर टेकली.

कासव भिंतीपासून मागं आलं. डावीकडं वळलं. झोकांड्या खात, अडखळत, पण निघालं. ठिणगी खंदकातून चढून उजवीकडून पळत सुटली. बुरुजाच्या पलीकडं दोघं एकमेकांवर आदळली.

"दादाऽऽ!" शिट्टीचा आवाज खोलीभर घुमला, आणि लगेच खाली आला. "नाही नाही, तुम्हाला नाही. तुम्ही तोंड उघडंच ठेवा."

"होता कुठं इतके दिवस, दादा?" सरदारानं विचारलं.

त्यानं उजवा हात माउसवरून उचलून पाहिला.

"दोन बोटं गेली. कामावर."

घरात हे वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. तिकडं ट्रे आदळायचे थांबले.

"तरीच चाल वाकडी," सरदार म्हणाला. "मला वाटलं, भरदुपारी घेऊन बसलात."

तो हसला. नाकातल्या नाकात, पण हसला.

"कान धरले, वहिनी. दोन माणसं आहात. पण मग आपल्यात फितूर कोण?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "सरदार, परवाचा बेत तुम्ही कुठं सांगितलात? टोळीच्या खोलीत का चौकात?"

पलीकडं भट्टीचं दार आदळलं.

"...चौकात."

"चौकात अख्खा खेळ ऐकतो! मागंही सांगितलं होतं तुम्हाला. बेत सांगताय का पाव विकताय?"

एकच गिल्ला झाला. जो तो सरदारावर तुटून पडला, आणि सगळ्यांत वरचा आवाज त्याचा होता. तिनं अर्धवट शिवलेल्या शाळेच्या गणवेशांचा ढीग जवळ ओढला आणि त्यावर गाल टेकला.

"अरे, मागं बघ! मागं, मागं!" तो तिच्या कानाशी ओरडत होता.

तिला गाढ झोप लागली.