नथीतला गुलाबी खडा

आमच्या सूनबाईंची डाळ करपली तरी चालते, पण त्यांच्या गुलाबी खड्यांना ऊन लागून चालत नाही. उन्हानं म्हणे रंग उडतो त्यांचा. एकेकाला कापसाची गादी, आणि सासू इथं सतरंजीवर! बरं, अंगावर एकही घालायचा नाही. नुसते जमवायचे, पुसायचे, डबीत निजवायचे.

परवा तिची नजर माझ्या नथीवर गेली. "आई, मधला खडा गुलाबी आहे."

"लाल आहे. लग्नापासून माझ्याच नाकात आहे, मला शिकवू नकोस."

तरी काढून दिली. तिनं कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवला आणि मोत्यांना थेंब न लागू देता खडा पुसला. सणासुदीच्या फोडण्यांचं तेल निघालं, आणि लग्नाच्या मांडवात पाहिलेला, नंतर मीच विसरलेला गुलाबी रंग वर आला. मी पदरानं नाकच पुसलं, डोळे नाही.

"आई, ही मला द्याल? डबीत जपून ठेवीन."

"उद्या सोनाराकडे जा आणि आधी नाक टोचून घे. नथ तुझी झाली. पण डबीत निजवलीस, तर नाकासकट परत घेईन!"