एकनाथरावांचा पहिला धडा

"हात आधी मांडीवर ठेवा," एकनाथराव म्हणाले. "मशिनला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी नुसतं बघायचं."

तिघांनी हात मांडीवर ठेवले. योगिनी, विक्रम आणि ऋचा. काचीगुड्यातल्या या कूलर कंपनीचं मार्केटिंग म्हणजे एवढी तीनच माणसं. नावं एकनाथरावांनी आल्याआल्याच विचारून घेतली होती.

मॉनिटरवर दुपारची एक खोली उजळली. पलंगावर एक मुलगी निजली होती. खिडकीचा पांढरा पडदा हळूहळू फुगत होता, पुन्हा बसत होता. आवाज अजून जोडलेला नव्हता. सगळे तो पडदा बघत राहिले.

एकनाथरावांनी अठ्ठावीस वर्षं सिनेमाच्या फिती कापल्या आणि जोडल्या होत्या. निवृत्तीनंतर कुणी बोलावणं धाडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण कंपनीचे मालक हिम्मतराव स्वतः मलकपेठेतल्या घरी येऊन बसले होते.

"परदेशी कंपन्या आल्यात, एकनाथराव. टीव्ही लावला की त्यांच्याच जाहिराती. आम्ही एक जाहिरात करायची म्हटलं तर बाहेरच्या स्टुडिओत महिनाभर खेटे घालायचे, तोवर उन्हाळा सरतो. चित्र कापाजोडायची दोन मशिनं घेतलीत मी. माझ्या माणसांना तुम्ही शिकवा. यंदा माल उठला नाही तर कारखान्याला कुलूप लागेल."

पंधरा धडे ठरले होते. सकाळी एकनाथरावांना बुटाची नाडी काही केल्या बांधता येईना. ती शेवटी त्यांच्या पत्नी तारामतीबाईंनीच बांधली आणि त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी सरकवली.

"पहिला दिवस आहे," ते म्हणाले. "त्यांना नाही समजलं तर?"

"तुम्ही शिकवल्यावर न समजायला काय झालं," तारामतीबाई म्हणाल्या आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

आता त्या तिघांकडे बघताना एकनाथरावांची धाकधूक हळूहळू विरत चालली होती. पोरं शांत होती. चहा आला, तोही बिनसाखरेचा, सुंठ घातलेला. घरून कुणीतरी सांगितलं असावं. मशिनं नवी म्हणून सांगितलं होतं खरं, पण बटणांवरची अक्षरं पुसट झाली होती. हिम्मतरावांना दुकानदारानं फसवलं की काय, असं त्यांच्या मनात आलं. पण पहिल्याच दिवशी कुणाचा हिरमोड कशाला करा.

"ही मुलगी आता जागी होणार," ते म्हणाले. "मग आपल्याला कूलर दाखवायचाय. कुठं कापायचं? विक्रम, तू सांग."

विक्रमनं कॅसेट पुढं नेली. मुलीनं डोळे उघडले, कूस बदलली, उठून बसली. तिथं त्यानं चित्र थांबवलं.

"इथं, काका."

"उशीर झाला, बाळ."

"हौ?"

"ती जागी झाली की तिच्याबरोबर बघणाराही जागा होतो. मग तो पाणी प्यायला उठतो. आपल्याला त्याला झोपेतच उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचंय." त्यांनी चित्र मागं नेलं. पडदा उलटा वाहू लागला, मुलगी उठलेली पुन्हा निजली. "तिची पापणी बघ. उघडायच्या आधी ती जराशी हलते. तिथं कापायचं. डोळ्यांनी नाही सापडत ती जागा. तिच्याबरोबर श्वास घ्यायचा. तो आत गेला की बोट खाली."

हे सांगताना ते स्वतःच त्या खोलीत शिरले. दुपारचा उजेड, वाळ्याचा ओला वास, पडद्याची कड गालाला लागून गेल्यासारखी. कितीतरी वर्षांपूर्वीची एक दुपार आणि ही दुपार यांच्यामध्ये कुणीतरी फार सफाईनं जोड दिला होता. भानावर आले तेव्हा तिघंही वाट बघत थांबली होती.

"योगिनी, तू."

योगिनीनं मॉनिटरकडे बघितलं. तिचा श्वास आत गेला. बोट खाली आलं. पडदा फुगला आणि फुगता फुगताच कूलरच्या वाऱ्यात उडणारी ओढणी झाला. जोड कुठं होता ते एकनाथरावांनाही दिसलं नाही.

"आधी कुठं शिकली होतीस?"

"नाही काका. तुम्ही सांगितलंत तसंच केलं."

अठ्ठावीस वर्षांत असे हात त्यांनी दोनदाच बघितले होते. म्हणजे जमणार होतं. कारखाना वाचणार होता.

ऋचा तेवढी भराभर वहीत लिहीत होती. बाकी दोघांनी वहीच आणली नव्हती. लिहिताना ऋचानं एकदा डोळे पुसले. चित्र भिडलं की असं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"उद्या दुसरा धडा," उठताना ते म्हणाले. "आवाज. पडद्याला कुठला आवाज द्यायचा, ते घरून विचार करून या."

तिघं त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. खाली हिम्मतराव स्वतः रिक्षाचा पडदा धरून उभे होते. एकनाथरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काळजी करू नका. पोरं हुशार आहेत. उन्हाळ्याच्या आत तयार होतील."

"तुम्ही आहात म्हटल्यावर कसली काळजी," हिम्मतराव म्हणाले.

रिक्षा मलकपेठेच्या दिशेनं वळली. थंड वारा येत होता. एकनाथरावांनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांआड पडदा फुगत होता, बसत होता, आणि उद्याचा आवाज त्यांना आत्ताच ऐकू येत होता.

वर विक्रमनं दोन्ही मशिनं बंद करून त्यांच्यावर कापड घातलं आणि तो शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर अर्धवट राहिलेलं काम पुढं करायला बसला. ऋचाला नोकरीवर लागून आज पहिलाच दिवस होता.

"आवाजाच्या धड्याला हीच वही आणू ना?" तिनं विचारलं.

"त्यांचे पंधराही धडे पाच वर्षांपूर्वीच शिकून झालेत आमचे. त्यावरच तर कंपनी तरली," योगिनी म्हणाली. "वही राहू दे. रात्रीतून काका सगळं विसरतात. उद्या पुन्हा पहिलाच धडा असेल, आणि आज विक्रम चुकला तशी उद्या चुकायची पाळी तुझी."