मीच ऐकलं नाही

ऑपरेशन थिएटरबाहेर घोरपडे सरांच्या येरझाऱ्या थांबत नव्हत्या. चार दिवसांपूर्वी कबड्डीच्या सरावात प्रणोतीच्या पोटात एका मुलीचा गुडघा जोरात बसला होता. कळवळून ती म्हणाली होती, "सर, खूप दुखतंय."

"नाटकं पुरे! ऊठ, चढाईला जा," सर सगळ्यांदेखत ओरडले आणि ती मुकाट गेली.

आज सकाळी तिचे डोळे पिवळे पडले, पोट फुगलं, तेव्हा वडिलांनी तिला इथं आणलं आणि सरांना बोलावून घेतलं. "पोटाला मार बसलाय म्हणतात. नेमकं कुठं लागलं हो, सर? घरी काही बोललीच नाही," ते सारखं विचारत होते. प्रत्येक वेळी सर नजर चुकवून पुढं चालू लागत.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "पित्ताशय फाटून पित्त पोटभर पसरलं होतं. पित्ताशय काढलंय, धोका टळला. पण चार दिवस दुखणं अंगावर काढलंच कसं हिनं?"

भरल्या डोळ्यांनी वडिलांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "हट्टीच आहे पोरगी. सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच आणलं असतं."

"तिनं सांगितलं होतं," सर म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

वडिलांनी हळूच हात काढून घेतला.