पाचची हवा

जवळ सरका माउली, टायरातल्या हवेची गोष्ट सांगतो.

निघोजच्या माळावर खडकांवरून बाईक चढवायची स्पर्धा होती. टायर मऊ असला तरच दगड धरतो, म्हणून जाणते हवा पाचच पौंड ठेवतात. रणजीतनंही तेवढीच ठेवली. पण नवख्या गणराजनं विश्वासानं विचारलं, “दादा, मी किती ठेवू?” तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, “वीस ठेव, भावा. बिनधास्त!”

पहिल्याच खडकावर गणराजचा कडक टायर सटकला आणि हात मोडला. जिंकलेला करंडक पिशवीत लपवून रणजीत दवाखान्यात पोचला, तर गणराजची आई विचारत होती, “एवढी हवा भर म्हणून सांगितलं तरी कुणी?”



दारातल्या रणजीतकडं बघत गणराज म्हणाला, “दादानं पाचच सांगितली व्हती, आये. मीच ऐकलं न्हाई.”

माउली, गणराजला देव सांभाळीलच. नाम घेताना तुम्ही रणजीतची आठवण ठेवा.