पंतांचा पासवर्ड

"मॅडम, उसके होंठ नीले पड़ रहे हैं. ड्रम में क्या था, नाम बोलो. नाम के बिना दवा कैसे दूँ?" उल्हासनगरच्या डॉक्टरांनी फोन ठेवला. रविवारी अंबरनाथच्या त्या रिकाम्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी मालिनी एकटीच होती.

कारखान्यात आज पाळीवर असलेल्या शंकररावांच्या अंगावर जे पिंप सांडलं, त्यावर नुसतं 'बी-सात' लिहिलेलं. आत काय, ते एका सर्व्हरला ठाऊक. फॉर्म्युला चोरीला जाऊ नये म्हणून ती फाइल शेठजी आणि मालिनी, दोघांनाच उघडता यायची. आणि सर्व्हर आज तिलाच आत घेईना. एका वेळी पाचांचीच सोय, पाचही जागा भरलेल्या. शनिवारी सगळे आपापले कॉम्प्युटर चालू ठेवूनच घरी गेलेले. प्रत्येक पडद्याला पासवर्डचं कुलूप. वायर उपटली तरी सर्व्हर गेलेल्या माणसाची जागा अर्धा तास धरून बसतो. तो स्वतः लोखंडी कपाटात, किल्ली शेठजींच्या खिशात आणि शेठजी सुरतेच्या गाडीत. शंकररावांपाशी अर्धा तास कुठला?

पाचांपैकी फोनवर सापडण्यासारखे एकटे विष्णुपंत, ऑफिसचे हिशेबनीस. कुळगावात शेजारच्या सुंदराबाईंनी त्यांना हाक मारून आणलं.

"पंत, तुमचा पासवर्ड सांगा. शंकररावांच्या जिवावर बेतलंय."

"दुसरं काहीही मागा, ताई. मी येतो ना, रिक्षा करून निघतो."

"तेवढा वेळ नाही हो, पंत!"

"तुम्हीच बजावलं होतंत, मरेपर्यंत विसरणार नाही आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घाला. असा एकच होता माझ्यापाशी. कीर्तन संपल्यावर बुवांनी कानात दिलेला."

गुरुमंत्र. माणूस बायकोलाही सांगत नाही. तिच्या घरी देव होते. आपण काय मागतोय ते तिला कळत होतं.

"पंत," एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पलीकडून आवाज आला, "सुंदराबाई, जरा बाहेर जाता?"

"अगं बाई! माझ्याच घरातून मलाच हाकलताय?"

दार लागलं. "सुटी सुटी अक्षरं सांगतो," पंत म्हणाले. "म्हणजे उच्चारल्यासारखं व्हायचं नाही." मग एकेक इंग्रजी अक्षर येऊ लागलं. पडद्यावर नुसते तारे उमटत होते. पण शेवटचं अक्षर येण्याआधीच मालिनीच्या ओठांवर तो मंत्र पुरा झाला.

पंतांचं मशीन उघडलं. तिनं सर्व्हरमधून त्यांचं नाव काढलं, त्या जागी स्वतः आत शिरली, फाइल उघडली आणि उल्हासनगरचा नंबर फिरवून नाव वाचून दाखवलं.

"इसका इंजेक्शन है अपने पास," डॉक्टर म्हणाले आणि फोन आपटलाच.

बऱ्याच वेळानं त्यांचा पुन्हा फोन आला. ओठांवर रंग परततोय म्हणाले. मालिनीनं लगेच कुळगावला फोन लावला. पंत अजून तिथेच बसलेले.

"वाचले, पंत. शंकरराव वाचले."

"देवाची कृपा." "ताई, बाहेर पडलेला मंत्र आता माझा राहिला नाही. पण तो असा उघड्यावर पडू नये. संध्याकाळी दिवा लावाल ना, तेव्हा तुम्ही म्हणत जा."