प्रभुलिंगचा नवस

बैलहोंगलच्या वीरेशला मराठी येत नव्हतं आणि चंदगडच्या शांभवीला कन्नड. लग्न झाल्यावर कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत त्यांनी आपली तिसरीच भाषा जुळवली. "नीर तापलंय, अंघोळ माडा," हे भिंतीपलीकडून ऐकून शेजारच्या प्रभुलिंगनं भाषाशास्त्रातल्या पीएचडीचा विषय ठरवला.

मार्गदर्शक म्हणाले, "हैतीत, मॉरिशसमध्ये अशा सरमिसळ भाषेवर पोरं वाढली, तेव्हा कुठं ती भाषा क्रिओल, म्हणजे पोरांची मातृभाषा झाली. तुझ्या भाषेत पोर कुठाय?"

तेव्हापासून प्रभुलिंग दर महिन्याला शेजारच्या दारात उभा. "वहिनी, काय विशेष?" नवऱ्यापेक्षा यालाच घाई. प्रबंधाची मुदत संपत आली, तसा तो अंबाबाईला नवसही बोलला. अठ्ठ्याण्णव साली मुलगा झाला. गल्लीत पेढे प्रभुलिंगनंच वाटले. बाप मागं ताट धरून होता.

प्रभुलिंगनं प्रबंधाची मुदत वाढवून घेतली. दीड वर्षानं पोर बोलायला लागलं. प्रभुलिंग कोरी कॅसेट घालून टेपरेकॉर्डर घेऊन गेला आणि त्यानं बटण दाबलं.

"आमची भाषा त्याच्या कानावर पडूच दिली न्हाय, भावजी," शांभवी अभिमानानं म्हणाली. "कॉन्व्हेंटला घालायचा हाय की. सोनू, अंकलना नोज दाखव."