मिठाच्या पाण्यातला फासा

मेहुण्याने फासे तोंडाजवळ नेले, त्यांच्यावर ओलसर फुंकर मारली आणि टेबलावर सोडले. दंतवैद्याच्या अंगावर शहारा आला. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारा माणूस तो, पण हातमोजे घालून.

"अठरा," मेहुणा म्हणाला.

खेळातल्या त्याच्या नव्या योद्ध्याचं बळ ठरत होतं. चार फासे टाकायचे, सगळ्यात कमीचा बाजूला सारायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज करायची. चपळाई सतरा, बुद्धी सोळा आणि आता हे. दंतवैद्याला त्या थुंकीची, त्या फाशांची, त्या दात काढून हसण्याची किळस आली. त्याच्या स्वतःच्या योद्ध्याचं बळही अठराच होतं, पण ते सरळ हाताने मिळवलेलं. हे त्याने आजवर सगळ्यांना कितीदा तरी ऐकवलं होतं.

"या फाशांत वजन घातलेलं आहे," तो म्हणाला.

मेहुण्याचा चेहरा खर्रकन उतरला. बाकीचे खेळगडी टेबलाकडे बघत राहिले.

"जाऊ द्या ना," बायको घाईघाईने म्हणाली. "खेळच तर आहे."

भावाला पाठीशी घालते आहे, दुसरं काय. त्याचीही दंतवैद्याला शिसारी आली. आठवडाभर ज्या संध्याकाळची तो वाट बघायचा, ती असल्या माणसामुळे नासू द्यायला तो तयार नव्हता. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं त्याने ठणकावून सांगितलं. ज्याचा फासा खोटा निघेल, त्याने या टेबलाशी पुन्हा बसायचं नाही.

त्याने पेलाभर पाण्यात मूठभर मीठ ढवळलं. अशा पाण्यात फासा तरंगतो, आणि खोटा असला तर कसाही फिरवा, एकच बाजू वर करतो. मेहुण्याचा फासा त्याने रुमालात धरून उचलला, पाण्यात सोडला आणि टिचकी मारली.

तीन. मग एक. मग पाच, मग दोन.

"झालं समाधान, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

दंतवैद्याला ते पटेना. पाण्यातच काहीतरी बिघडलं असणार, खरा फासा कसा वागतो ते आता बघा, असं पुटपुटत त्याने आपला फासा उचलला. बायकोने त्याचा हात धरला. त्याने तो झटकला.

सहा. टिचकी. सहा. पुन्हा, जरा जोरात. सहा.

त्याची नजर पेल्यावरून हलेना.

"मीच आणले होते," बायको हळू आवाजात म्हणाली. "हरलात की आठवडाभर घरात तोंड फुगवून बसायचात."